कान आणि खोली : श्रवण बदलणाऱ्या खटक्याचा इतिहास

विजेवर चालणाऱ्या श्रवणसाधनांचे मूळ प्रकार दोन आहेत. एक कानाला लावण्याचा, म्हणजे हेडफोन, आणि त्याला बोलण्यासाठी मायक्रोफोन जोडलेला असल्यास हेडसेट; दुसरा खोलीत ठेवण्याचा, म्हणजे लाउडस्पीकर, ज्याला आता सरसकट स्पीकर म्हटले जाते. पहिल्या प्रकारात आवाज एका व्यक्तीपुरता राहतो, दुसऱ्यात तो त्या जागी असलेल्या सर्वांचा होतो. संगणकापुढे काम करणाऱ्या माणसाला दिवसातून अनेकदा या दोहोंत अदलाबदल करावी लागते, कारण बैठकीतले बोलणे हेडसेटवर ऐकायचे असते, गाणे किंवा चित्रपट मेजावरच्या स्पीकरवर, आणि रात्री घर झोपले की पुन्हा सगळेच कानाशी. ही अदलाबदल किरकोळ वाटली तरी तिच्यामागे सुमारे दीडशे वर्षांचा तांत्रिक इतिहास आहे. आवाज कोणाच्या कानी जावा हे कोणी ठरवायचे, ऐकणाऱ्याच्या हाताने, यंत्राच्या रचनेने की यंत्रात चालणाऱ्या आज्ञावलीने, हा प्रश्न त्या इतिहासात प्रत्येक टप्प्यावर नव्याने उभा राहिला. पहिली शंभर वर्षे हा निर्णय एका साध्या धातूच्या जोडणीत सामावलेला होता. संगणकाने तो जोडणीतून काढून आज्ञावलीकडे सोपवला. त्यातून जे मिळाले ते मोठे होते, आणि जे हरवले ते परत मिळवण्यास पुढची बरीच वर्षे खर्ची पडली.

टेलिफोन केंद्रातील जॅक

या खटक्याचा उगम करमणुकीत नसून टेलिफोनच्या धंद्यात आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना १८७६ मध्ये टेलिफोनचे पेटंट मिळाले आणि २८ जानेवारी १८७८ रोजी अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथे पहिले व्यापारी टेलिफोन केंद्र सुरू झाले. त्याचे ग्राहक अवघे २१ होते. ग्राहक वाढू लागताच कोणतीही एक तार दुसऱ्या कोणत्याही तारेला क्षणात जोडण्याची आणि बोलणे संपताच तितक्याच लवकर सोडवण्याची सोय आवश्यक झाली. शिकागोच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतील चार्ल्स स्क्रिब्नर यांनी या कामासाठी जी जोडणी घडवली तिच्यातून आजचा जॅक आला. जॅक म्हणजे फळ्यावर बसवलेली, आत स्प्रिंगसारख्या लवचिक धातूच्या पट्ट्या असलेली खोबण. आणि प्लग, ज्याला आपल्याकडील बाजारात सर्रास पिन म्हणतात, ती म्हणजे त्या खोबणीत सारायची दांडी. दांडीचे टोक आणि तिचा उरलेला भाग यांच्यामध्ये वीज न वाहणारा थर असतो, त्यामुळे एकाच दांडीतून दोन तारा जोडता येतात. दोहोंच्या मध्ये धातूचे एक कडे बसवले की तिसरीही. टेलिफोन केंद्रासाठी ठरलेली पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर, जाडीची दांडी विद्युत गिटारमध्ये आणि ध्वनिमुद्रणाच्या कक्षांत आजही वापरली जाते.

या जोडणीचा खरा गुण तिच्या आकारात नव्हता, तर तिच्या दुहेरी कार्यात होता. प्लग घातलेला नसताना ग्राहकाची तार जॅकमधील पट्टीतून पुढे एका सूचक झडपेकडे जात असे. ग्राहकाने आपल्या यंत्राची मूठ फिरवली की ती झडप खाली पडे आणि कोण बोलावतो आहे हे केंद्रातील ऑपरेटरला कळे. ऑपरेटरने त्या जॅकमध्ये प्लग सारला की दांडी पट्टीला उचलून धरी, झडपेशी असलेला संबंध तुटे आणि तार प्लगमागच्या दोरीशी जोडली जाई. जुना मार्ग बंद करणे आणि नवा उघडणे ही दोन्ही कामे हाताच्या एकाच हालचालीत होत, आणि प्लग बाहेर काढला की पट्टी आपोआप मूळ जागी येऊन पूर्वीचा मार्ग पुन्हा सुरू होई. विश्रांतीच्या स्थितीत संपर्क जोडलेला आणि प्लग घातल्यावर तुटलेला, ही रचना पुढे रेडिओत, ट्रान्झिस्टरमध्ये आणि अखेरीस संगणकाच्या पेटीत जशीच्या तशी उतरली.

हेडसेटचा जन्मही याच कामाच्या जागी झाला. सप्टेंबर १८७८ मध्ये बॉस्टन येथे एमा नट या पहिल्या महिला टेलिफोन ऑपरेटर कामाला लागल्या आणि लवकरच हा व्यवसाय मोठ्या प्रमाणावर स्त्रियांचा झाला. फळ्यावरचे प्लग सतत हलवायचे तर दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून ऐकण्याचे साधन डोक्यावरच्या पट्टीत आणि बोलण्याचे साधन छातीवरच्या आधारावर गेले. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे १८८२ मध्ये टेलिफोन केंद्रे सुरू झाली, तेव्हा ही कार्यपद्धती भारतातही आली. कानाला लावायचे साधन आणि ते कोणत्या मार्गाला जोडायचे हे ठरवणारा जॅक ही जोडी अशा रीतीने पहिल्यापासून एकत्र वाढली.

त्या काळी खोलीभर ऐकू जाणारा विद्युत आवाज मात्र अस्तित्वात नव्हता. १८८१ च्या पॅरिस येथील विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर यांनी ऑपेरा गृहातील गायन टेलिफोनच्या तारांवरून प्रदर्शनात ऐकवले, तेव्हा प्रत्येक श्रोत्याला दोन्ही कानांशी दोन श्रवणनळे धरावे लागत. तारेतून येणारी विद्युतशक्ती इतकी क्षीण असे की ती कानाच्या अगदी जवळच्या पातळ पडद्यालाच हलवू शके. खासगी श्रवण ही त्या काळातली निवड नव्हती, ती तंत्राची मर्यादा होती, आणि निवडीचा प्रश्न उद्भवण्यासाठी आवाजाला खोलीत पसरवणारे साधन आधी जन्माला यावे लागले.

स्फटिक रेडिओपासून लाउडस्पीकरपर्यंत

रेडिओच्या आरंभकाळातही हीच मर्यादा होती. गॅलेनासारख्या स्फटिकावर चालणाऱ्या संचाला बॅटरीही लागत नसे, कारण तो अँटेनाने पकडलेल्या लहरींच्या शक्तीवरच आवाज निर्माण करी. पण ती शक्ती हेडफोनपुरतीच असे. म्हणून हेडफोनमध्ये केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे देऊन त्यांचा संरोध, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण अडथळा, हजारो ओहमपर्यंत नेला जाई, जेणेकरून अत्यल्प प्रवाहातही पडदा हलेल. अमेरिकेतील यूटा राज्यात नॅथॅनियल बाल्डविन यांनी घरच्या स्वयंपाकघरात बनवलेले संवेदनक्षम हेडफोन १९१० मध्ये अमेरिकी नौदलाकडे पाठवले आणि नौदलाने त्यांची मागणी नोंदवली, ही घटना आधुनिक हेडफोनचा आरंभ मानली जाते. घरातल्या चौघांना एकत्र ऐकायचे असेल तर हेडफोन चिनी मातीच्या वाडग्यात ठेवून त्याच्या घुमण्याचा आधार घेतला जाई. सामूहिक श्रवणाची ओढ तंत्राच्या किती आधीपासून होती याचे हे साधे प्रमाण आहे.

ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ च्या सुमारास तयार केलेली ऑडिऑन ही निर्वात नलिका पुढील काही वर्षांत वर्धक म्हणून, म्हणजे क्षीण विद्युत संदेश मोठा करणारे साधन म्हणून, वापरता येऊ लागली आणि परिस्थिती पालटली. कॅलिफोर्नियात पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी चुंबकाच्या क्षेत्रात हलणाऱ्या वेटोळ्यावर आधारलेला लाउडस्पीकर १९१५ मध्ये जाहीरपणे ऐकवला. त्याला त्यांनी मॅग्नाव्हॉक्स हे नाव दिले आणि १९१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे सॅन दिएगो येथील भाषण त्याच साधनाने प्रचंड जनसमुदायापर्यंत पोहोचले. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये हलत्या वेटोळ्याच्या आणि कागदी शंकूच्या थेट ध्वनी पसरवणाऱ्या स्पीकरची जी रचना मांडली, तीच आजच्या बहुतेक स्पीकरांच्या मुळाशी आहे.

आता प्रथमच एकाच संचाला दोन प्रकारची श्रवणसाधने जोडणे शक्य झाले आणि त्याबरोबर खटक्याचा प्रश्न घरात आला. १९२० च्या दशकातील रेडिओ संच टप्प्याटप्प्यांचे असत: पहिली नलिका संदेश ओळखी, पुढच्या एक किंवा दोन नलिका तो मोठा करीत. अनेक संचांत प्रत्येक टप्प्यानंतर एक जॅक बसवलेला असे. हेडफोनचा प्लग पहिल्या जॅकमध्ये घातला की त्यापुढच्या टप्प्यांचा मार्ग तुटे. स्पीकरचा प्लग अखेरच्या जॅकमध्ये घातला की सर्व टप्पे कामाला लागत. काही जॅकांत जादा पट्ट्या असत आणि त्या निर्वात नलिकांच्या तप्त तंतूंचा प्रवाहही नियंत्रित करीत, त्यामुळे हेडफोनवर ऐकताना नको असलेल्या नलिका विझलेल्याच राहत आणि महागड्या बॅटरीची बचत होई. श्रोत्याने कोणते साधन कोठे जोडले आहे यावरून आपली किती शक्ती खर्च करायची हे यंत्र जाणत होते, आणि ही जाण त्याला धातूच्या तीन-चार पट्ट्यांनी दिली होती.

मुंबईत रेडिओचे संघटित प्रक्षेपण २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, जेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या १.५ किलोवॅट शक्तीच्या केंद्राचे उद्घाटन झाले. ही कंपनी १९३० मध्ये बंद पडली, तरी प्रक्षेपण सरकारी व्यवस्थेखाली चालू राहिले आणि १९३६ मध्ये त्या व्यवस्थेला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. पुढच्या काळात भारतातील घराघरांत पोहोचलेला रेडिओ हा लाकडी पेटीतला, स्पीकरवर वाजणारा होता. वाड्यात किंवा चाळीत एका बिऱ्हाडाचा रेडिओ शेजाऱ्यांचाही असे. सामूहिक श्रवण ही इथली सर्वसाधारण रीत ठरली आणि एकट्याने ऐकणे हा नंतर आलेला अपवाद.

ट्रान्झिस्टर आणि खासगी श्रवण

तो अपवाद ट्रान्झिस्टरने आणला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आणि इंडियानापोलिसची एक लहान कंपनी यांनी मिळून ऑक्टोबर १९५४ मध्ये रिजन्सी टीआर-१ हा खिशात मावणारा, चार ट्रान्झिस्टरांचा रेडिओ जाहीर केला आणि त्याला स्पीकरबरोबर एका कानाच्या इअरफोनचीही सोय होती. पुढच्या दशकात अशा रेडिओंवर ३.५ किंवा २.५ मिलिमीटर जाडीचा लहान जॅक सर्वत्र दिसू लागला. टेलिफोन केंद्रातील सूचक झडपेची जागा आता स्पीकरने घेतली होती: इअरफोनची पिन आत गेली की पट्टी उचलली जाई आणि स्पीकर गप्प होई, पिन निघाली की स्पीकर पुन्हा बोलू लागे. कचेरीत बसून क्रिकेटचे धावते वर्णन ऐकणाऱ्या श्रोत्याला या रचनेचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण तिच्या विश्वासार्हतेवर त्याची भिस्त होती, कारण पिन नीट बसलेली असेल तर आवाज बाहेर फुटणे शक्यच नव्हते.

घरगुती संगीतयंत्रांत खासगी श्रवणाची प्रतिष्ठा वाढवण्याचे श्रेय मिलवॉकी येथील जॉन कॉस यांना दिले जाते. त्यांनी १९५८ मध्ये एका वहनीय स्टिरिओ ग्रामोफोनबरोबर हेडफोन सादर केले. ग्रामोफोन मागे पडला आणि एसपी/३ हे हेडफोन प्रसिद्ध झाले. त्यानंतरच्या दोन दशकांत संगीताच्या वर्धकयंत्रांवर हेडफोनचा जॅक ही रूढ गोष्ट झाली, परंतु तेथे एक नवी अडचण होती. खोली भरणाऱ्या स्पीकरसाठी, ज्याचा संरोध बहुधा ८ ओहम असतो, लागणारी शक्ती थेट हेडफोनला दिली तर कानाला आणि साधनाला दोहोंनाही इजा होईल. म्हणून जॅककडे जाणाऱ्या मार्गात काहीशे ओहमचा रोध घालून आवाजाची पातळी आधीच कमी केली जाई. केवळ मार्ग बदलणे पुरेसे नसते, मार्गाबरोबर आवाजाची योग्य पातळीही बदलावी लागते, हा धडा या यंत्रांनी दिला. काही यंत्रांत पिन घालताच स्पीकर बंद होत, तर काहींत दोन जोड स्पीकर आणि हेडफोन यांपैकी काय वाजावे हे ठरवणारा स्वतंत्र फिरता खटका असे. दोन्ही पद्धतींना आपापले समर्थक होते, कारण पहिली सोपी होती आणि दुसरीत सर्व साधने जोडलेली ठेवून निवड करता येत होती.

१ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीस आलेल्या सोनी वॉकमन टीपीएस-एल२ ने हा प्रश्नच काढून टाकला, कारण त्यात स्पीकर नव्हताच. तरीही निर्मात्यांनी त्याला हेडफोनचे दोन जॅक ठेवले आणि सोबत्याशी बोलता यावे म्हणून संगीत हळू करणारे एक बटणही दिले. एकट्याच्या श्रवणाला समर्पित असलेल्या यंत्रातही दुसऱ्या श्रोत्यासाठी जागा राखावीशी वाटली, हे लक्षणीय आहे.

संगणकाला आवाज फुटतो

१९८१ चा आयबीएम पर्सनल कॉम्प्युटर आपल्या पेटीतल्या लहान स्पीकरवर केवळ टिकटिक आणि शिट्टीवजा स्वर काढू शके, आणि त्याला हेडफोनचा जॅक नव्हता. १९८७ मध्ये आलेले अॅडलिब आणि १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने आणलेले साउंड ब्लास्टर ही कार्डे बसवल्यावर संगणक संगीत आणि ध्वनिमुद्रित आवाज वाजवू लागला. साउंड ब्लास्टरच्या धातूच्या पट्टीवर आवाज कमी-जास्त करण्याचे एक लहान चाक होते आणि आत लहान वर्धक होता, त्यामुळे साधे स्पीकर किंवा हेडफोन थेट जोडता येत. पण आवाज बाहेर येण्याचे भोक एकच होते आणि ते पेटीच्या पाठीमागे होते. स्पीकरची पिन काढून हेडफोनची घालायची तर वापरणाऱ्याला मेजाखाली वाकून, धुळीत, चाचपडत ते करावे लागे. टेलिफोनच्या ऑपरेटरला जे एका हालचालीत साधत होते ते शंभर वर्षांनंतर कष्टाचे झाले होते.

या गैरसोयीवर बाजाराने अनेक तोडगे काढले. मेजावरच्या स्पीकरांमध्ये स्वतःचा वर्धक आला आणि त्यांच्या दर्शनी भागावर हेडफोनचा जॅक बसवला गेला, ज्यात पिन घातली की स्पीकर बंद होत. खटका संगणकातून निघून स्पीकरमध्ये गेला होता. सीडी ड्राइव्हच्या तोंडावरही जॅक असे, परंतु तो केवळ संगीताच्या सीडीचा आवाज देई, संगणकाचा नव्हे. एका भोकातून दोन साधने जोडणारी दुफाटी तार मिळे, पण तिच्यात दोन्ही साधने एकाच वेळी वाजत. दोन बाजूंना कलणाऱ्या खटक्याच्या लहान डब्याही मिळत; त्यांत डाव्या व उजव्या अशा दोन्ही तारा एकदम एका बाजूकडून दुसरीकडे वळवल्या जात. मुंबईत लॅमिंग्टन रस्त्यावर, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची जी बाजारपेठ वसली आहे, तेथून जॅक, पिन आणि खटके आणून अशी डबी घरी जोडणे कोणत्याही हौशी कारागिराच्या आवाक्यातले होते.

इंटेल कंपनीने १९९७ मध्ये एसी'९७ हे ध्वनिमानक प्रसिद्ध केले आणि आवाजाची सोय वेगळ्या कार्डावरून संगणकाच्या मुख्य फळ्यावर येऊ लागली. त्याच सुमारास मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांच्या पीसी ९९ या मार्गदर्शिकेने जॅकांचे रंग ठरवले: आवाज बाहेर नेणारा पोपटी, मायक्रोफोनचा गुलाबी आणि बाहेरचा आवाज आत घेणारा फिकट निळा. पेटीच्या दर्शनी भागावर हेडफोनचा जॅक देण्याची प्रथाही याच काळात रुळली, आणि तिची अंतर्गत रचना पाहण्यासारखी आहे. मुख्य फळ्यावरून निघालेला आवाज आधी एका तारेने दर्शनी जॅककडे जाई, तेथील पट्ट्यांना स्पर्श करून दुसऱ्या तारेने फळ्यावर परत येई आणि मग पाठीमागच्या स्पीकरकडे जाई. हेडफोनची पिन घातली की परतीचा मार्ग तुटे आणि स्पीकर गप्प होत. ज्या पेटीला दर्शनी जॅकच नसे तिच्यात फळ्यावरील ५ व ६ आणि ९ व १० या क्रमांकांच्या पिना दोन इवल्या टोप्यांनी जोडून हा परतीचा मार्ग पूर्ण करावा लागे. त्या टोप्या काढल्या तर पाठीमागचे स्पीकर मुके होत. स्क्रिब्नर यांच्या काळातील तत्त्व एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर संगणकाच्या पोटात असे अक्षरशः चालू होते.

तारेकडून आज्ञावलीकडे

एप्रिल २००४ मध्ये इंटेलने हाय डेफिनिशन ऑडिओ हे पुढचे मानक आणले आणि मोठा बदल झाला. या मानकात दर्शनी आणि पाठीमागचा जॅक यांना स्वतंत्र मार्ग मिळाले. आवाज एका जॅकमधून दुसऱ्यात जाण्याची गरज राहिली नाही. जॅकमधील पट्टीचे काम आता आवाजाचा मार्ग तोडणे हे नसून केवळ पिन आली अथवा गेली याची वर्दी देणे हे होते. त्यासाठी प्रत्येक जॅकच्या संपर्काला वेगवेगळ्या मूल्याचा रोध जोडला गेला, ३९.२, २०, १० आणि ५.१ किलोओहम असा. चार जॅकांची वर्दी एकाच तारेवर येते आणि त्या तारेवरील एकत्रित रोध मोजून कोणकोणत्या जॅकमध्ये पिन आहे हे ध्वनिचिप ओळखते. मूल्ये अशी निवडलेली आहेत की कोणत्याही जोडणीचा एकत्रित रोध दुसरीशी जुळत नाही. ही वर्दी चिपकडून ड्रायव्हरकडे, म्हणजे त्या चिपशी बोलणाऱ्या आज्ञावलीकडे, जाते आणि स्पीकर बंद करायचे की नाही हे ड्रायव्हर ठरवतो.

निर्णय धातूकडून आज्ञावलीकडे गेल्यामुळे तो बदलण्याजोगा झाला. दर्शनी जॅकवर संगीत आणि पाठीमागे चित्रपट असे दोन वेगळे आवाज एकाच वेळी वाजवणे, हेडफोन आणि स्पीकर दोन्ही कायम जोडलेले ठेवून पडद्यावरून निवड करणे, प्रत्येक साधनाच्या आवाजाची पातळी स्वतंत्रपणे लक्षात ठेवणे, या सर्व गोष्टी शक्य झाल्या. लिनक्समध्ये ध्वनिमिश्रकाच्या यादीत स्वयंचलित मूकतेची एक नोंद दिसू लागली, जी बंद केली की पिन घातल्यावरही स्पीकर वाजत राहतात. याच बदलाचा दुसरा परिणाम असा की पिन घातली म्हणजे स्पीकर बंद झालाच, ही शंभर वर्षांची हमी संपली. ती आता ड्रायव्हर नीट बसवलेला असण्यावर, त्याच्या मांडणीवर आणि वापरणाऱ्याने कधीकाळी केलेल्या निवडीवर अवलंबून राहिली.

यूएसबीने हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा केला. यूएसबी हे जोडणीचे मानक १९९६ मध्ये आले आणि १९९८ मध्ये त्यावरून आवाज नेण्याचे नियम ठरले. यूएसबी हेडसेटमध्ये अंकांचे आवाजात रूपांतर करणारी चिप हेडसेटमध्येच असते, त्यामुळे संगणकाच्या दृष्टीने तो हेडफोन नसून एक स्वतंत्र साउंड कार्ड असते. त्याच्या आणि मेजावरच्या स्पीकरच्या मध्ये तोडण्याजोगी एकही समाईक तार नाही. पट्टी उचलण्याचे तत्त्व येथे लागूच होत नाही. अदलाबदल करायची तर वाजणारा ध्वनिप्रवाह एका कार्डावरून उचलून दुसऱ्यावर ठेवावा लागतो आणि हे काम केवळ ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणकाचा एकंदर कारभार पाहणारी प्रणाली, करू शकते.

त्या प्रणालींना हे काम शिकण्यास वेळ लागला. २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टात ध्वनिव्यवस्था नव्याने रचली गेली, प्रत्येक निर्गमस्थानाला, म्हणजे आवाज बाहेर जाण्याच्या प्रत्येक जागेला, स्वतंत्र ओळख मिळाली आणि त्यांपैकी एक मुख्य मानले गेले. परंतु आधीच सुरू असलेला कार्यक्रम जुन्याच साधनाला चिकटून राही आणि बदल लागू होण्यासाठी तो बंद करून पुन्हा उघडावा लागे. २००९ च्या विंडोज ७ मध्ये मुख्य साधन बदलताच चालू ध्वनिप्रवाहही त्याच्यामागे नेण्याची सोय आली. शिवाय संगीतासाठी एक मुख्य साधन आणि संभाषणासाठी दुसरे अशी विभागणी वापरणाऱ्याच्या हाती आली, म्हणजे गाणे स्पीकरवर चालू असताना बोलणे हेडसेटवर व्हावे. लिनक्समध्ये २००४ मध्ये सुरू झालेल्या, पुढे पल्सऑडिओ या नावाने ओळखल्या गेलेल्या व्यवस्थेने वाजता आवाज एका साधनावरून दुसऱ्यावर हलवण्याचे काम हाती घेतले, आणि २०२१ च्या फेडोरा ३४ या लिनक्स आवृत्तीपासून ती जबाबदारी पाइपवायर या नव्या व्यवस्थेकडे आली.

या काळातील एक वाद तत्त्वाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मुख्य साधन कोणते आहे हे जाणून घेण्याची अधिकृत सोय विंडोजने इतर कार्यक्रमांना दिली, पण ते बदलण्याची अधिकृत सोय दिली नाही. या धोरणाला सबळ आधार होता: प्रत्येक कार्यक्रम स्वतःच्या मर्जीने मुख्य साधन बदलू लागला तर श्रोत्याच्या हाती काहीच उरणार नाही. पण अधिकृत मार्ग मूळ प्रणालीच्या मांडणीत अनेक खिडक्या उघडून सापडत असल्यामुळे, दोन कळा एकत्र दाबून हेडसेट आणि स्पीकर बदलणारी लहानलहान साधने स्वतंत्र आज्ञावलीकारांनी अप्रकाशित मार्ग वापरून तयार केली आणि ती सर्वदूर वापरली गेली. वापरणाऱ्यांना हवा होता तो शंभर वर्षांपूर्वीचा खटका, हाताला सापडणारा आणि एका हालचालीत काम करणारा. २०१६ मधील विंडोज १० च्या सुधारणेत पडद्याच्या कोपऱ्यातील ध्वनिचिन्हावरूनच साधन निवडता येऊ लागले आणि २०१८ मध्ये प्रत्येक कार्यक्रमाला वेगळे साधन नेमून देण्याची सोय झाली.

ऐकणे आणि बोलणे

हेडसेट आणि स्पीकर यांच्यातील निवड केवळ आवडीची राहिलेली नाही, कारण हेडसेटमध्ये मायक्रोफोनही असतो. स्पीकरवर दुसऱ्याचे बोलणे ऐकत मायक्रोफोनमध्ये बोलले की स्पीकरचा आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि समोरच्याला स्वतःचा प्रतिध्वनी ऐकू येतो. यावरचा गणिती उपाय बेल प्रयोगशाळेत शोधला गेला. तेथील मूळचे भारतीय असलेले मन मोहन सोंधी यांनी जॉन केली यांच्यासह हे काम केले आणि १९६७ मध्ये स्वतःहून जुळवून घेणाऱ्या प्रतिध्वनिनाशकाची मांडणी प्रसिद्ध केली. त्याच तत्त्वावर स्पीकरकडे गेलेला आवाज खोलीत कसा बदलतो याचा अंदाज सतत सुधारत ठेवला जातो आणि तो अंदाजित भाग मायक्रोफोनच्या संदेशातून वजा केला जातो. मेजावरच्या स्पीकरवर बैठक घेणे आज शक्य आहे ते या वजाबाकीमुळे. ज्यांना ही वजाबाकी नको असते ते हेडसेटच वापरतात. १९६१ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या प्लँट्रॉनिक्सचे हलके हेडसेट आधी वैमानिकांसाठी बनले, आणि मुंबई-पुण्यासह भारतभर उभ्या राहिलेल्या कॉल सेंटरांत हेडसेट हे टेलिफोन ऑपरेटरांच्या काळाप्रमाणेच पुन्हा रोजच्या कामाचे साधन झाले.

ब्लूटूथने तार काढून टाकली, पण त्याने आपली स्वतंत्र अदलाबदल आणली. रूढ ब्लूटूथमध्ये संगीतासाठी एक पद्धत असते, जी दोन्ही कानांना चांगला आवाज देते पण मायक्रोफोन चालवत नाही, आणि संभाषणासाठी दुसरी, जी मायक्रोफोन चालवते पण आवाजाचे नमुने सेकंदाला केवळ ८,००० किंवा सुधारित रूपात १६,००० वेळाच घेते. म्हणून संगीत चालू असताना एखाद्या कार्यक्रमाने मायक्रोफोन उघडला की गाणे एकाएकी जुन्या टेलिफोनसारखे चपटे ऐकू येते. अशा वेळी संगीत मेजावरच्या स्पीकरकडे वळवावे आणि हेडसेट संभाषणासाठी ठेवावा, ही विंडोज ७ ने रूढ केलेली विभागणी तांत्रिकदृष्ट्याही शहाणपणाची ठरते.

श्रोत्याचा हेतू

या सर्व टप्प्यांकडे एकत्र पाहिले तर प्रगतीची दिशा स्पष्ट होते. धातूच्या जॅकमध्ये निवडीची संधी अल्प होती, दोनच पर्याय आणि तेही एकमेकांना वगळणारे. पण साधन हाती घेणे आणि ते जोडणे या कृतीतच श्रोत्याचा हेतू व्यक्त होई आणि यंत्र त्या हेतूला बांधलेले असे. आज्ञावलीने पर्याय वाढवले, पातळ्या लक्षात ठेवल्या, प्रत्येक कार्यक्रमाला वेगळी वाट दिली, मात्र हेतू ओळखण्याचे काम अंदाजावर सोपवले. नवा मॉनिटर जोडताच आवाज त्याच्यातल्या क्षीण स्पीकरकडे जाणे किंवा डोक्यावर हेडसेट असताना खासगी बोलणे खोलीत ऐकू येणे, हे त्या अंदाजाच्या अपयशाचे प्रकार आहेत. पहिल्याने केवळ गैरसोय होते, दुसऱ्याने माणसाच्या खासगीपणाला धक्का बसतो. म्हणून सुलभतेची कसोटी किती कमी कळा दाबाव्या लागतात एवढीच मानणे अपुरे आहे. पहिला स्वर उमटण्यापूर्वी तो कोणाला ऐकू जाणार आहे हे श्रोत्याला निश्चितपणे ठाऊक असणे, ही खरी कसोटी आहे. टेलिफोन केंद्राच्या फळ्यावर ती तंत्राच्या गरिबीमुळे सहज पाळली जात होती. आजच्या संपन्न व्यवस्थेत ती जाणीवपूर्वक पाळावी लागेल, आणि ध्वनिव्यवस्था रचणाऱ्यांनी आपल्या प्रत्येक नव्या सोयीला ती लावून पाहणे हे श्रोत्यांप्रती त्यांचे कर्तव्य ठरते.